धागा: मल्हारगंजातला जुना वाडा, मागे खोल्या वाढवायच्या आहेत. न पाडता, सिमेंट कमीत कमी वापरून जमेल का?

मल्हारगंजकर
घर इंदूरला मल्हारगंजात, बांधकाम नव्वदेक वर्षांचे. प्लॉट ३० बाय ८०. पुढची बाजू दुमजली आहे. काळ्या दगडाचे अडीच फुटी जोते, खाली १८ इंची वीट-चुन्याच्या भिंती, वर १४ इंची, मधला मजला सागवानी कडीपाटाचा (तुळया-कड्यांवर लाकडी पाट). मग चौक. मागची बाजू एकमजली, छत लोखंडी गर्डर आणि दगडी फर्शीचे, वर नंतर कधीतरी घातलेला सिमेंटचा कोबा. त्यामागे २२ फूट परसू, कोपऱ्यात झाकलेली विहीर.

हवे आहे ते इतकेच: परसूत वडीलधाऱ्यांसाठी एक खोली व न्हाणीघर, आणि मागच्या एकमजली भागावर दोन खोल्या. ठेकेदार म्हणतो मागचे सगळे पाडा आणि आरसीसी सांगाडा उभा करा. पाडायचे नाही, हे घरात ठरले आहे.

दुखणी तीन. खालच्या भिंतींना साडेतीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे, तो दर पावसाळ्यानंतर लोणा लागून (ओलीसोबत मीठ वर येऊन) फुगतो. कडीपाटाच्या दोन तुळयांची टोके नरम वाटतात. मागच्या गर्डरांना खालून गंजाचे पापुद्रे सुटले आहेत.

ओळंबा
आधी वजनाचा हिशोब बघा, बाकीचे आपोआप ठरेल.

९ इंची विटेची भिंत १० फूट उंच घेतली की गिलाव्यासकट धावत्या मीटरला सुमारे १४५० किलो. तीच ८ इंची एएसी ब्लॉकची (बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटची) घेतली तर ५३० किलोच्या आसपास. ५ इंची आरसीसी स्लॅब दर चौरस मीटरला ३१० किलो, वर फरशी आणि माणसे-सामान धरले की ६०० च्या पुढे. गर्डर-फर्शीचे छत गच्चीवर गहू वाळवायला बांधलेले असते. त्यावर भिंत उभी करायची नाही, हलकी असली तरी नाही. भिंतीचा भार एका रेषेत येतो, ती रेषा दोन गर्डरांच्या मधे पडली तर फर्शी वाकत नाही, सरळ मोडते. दगड आधी सूचना देत नाही.

म्हणजे वरच्या खोल्या स्वतःच्या पायांवर उभ्या करा, भिंती एएसीच्या. लोखंडी चौकोनी पाइपाचे सहा खांब, बोल्टने जोडलेली चौकट, खांब जुन्या भिंतींच्या लगत पण त्यांना न चिकटता. मधे किमान २५ मिमी फट. २०१६ च्या भूकंप संहितेत इंदूर तिसऱ्या विभागात आहे, त्यामुळे हिशोब करणारा इंजिनिअर ही फट वाढवूही शकतो. फटीत सिमेंट भरू नका. भरलेत की जुने-नवे एकमेकांना ढकलणार. लवचीक भरणी आणि वरून पत्र्याचे झाकण, तेही एकाच बाजूला ठोकलेले.

काळीमाती
ओळंबांशी सहमत, पण सहा खांब म्हणजे सहा पाये, आणि खाली माळव्याची माती आहे हे विसरू नका. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. जुनी भिंत नव्वद वर्षे याच मातीवर हलून-डुलून स्थिर झाली आहे, नवा पाया पहिली काही वर्षे आपल्या चालीने बसणार. दोन्ही एकमेकांना बांधले तर सांध्यावर तिरपा तडा जातो. तो खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होतो, हे ओळखायचे लक्षण.

आधी परसूत दोन खड्डे घ्या, मुरूम लागेपर्यंत. दोन मीटरच्या आत पिवळा मुरूम लागला तर साधा पाया मुरमात किमान एक फूट घुसवून करा. काळी माती जास्त खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली कंदासारखा फुगवटा असलेला खांब. दांडा २५० ते ३०० मिमी, कंद त्याच्या अडीच पट, खोली साडेतीन मीटरच्या पुढे. रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अशाच मातीसाठी ही पद्धत बसवली. हे भोक हाताच्या बर्म्याने पाडता येते. मल्हारगंजच्या बोळात मशीन शिरत नाही, तिथे हाच उपाय. शिवाय धक्के बसत नाहीत, जुन्या चुन्याच्या भिंतीला तेच नको असतात.

पाइलच्या डोक्यावरून जाणारी जोत्याची बीम जमिनीपासून ३ इंच वर ठेवा, खाली पोकळी राहू द्या. मिस्त्री हमखास ती पोकळी माती दाबून भरतो, "खाली आधार पाहिजे ना" म्हणत. मग पावसाळ्यात फुगलेली माती बीम वर उचलते.

पोहेजिरावन
म्हणजे आधार द्यायला गेला आणि खांद्यावर घेऊन उभा राहिला 😄

मल्हारगंजकर
जुन्या भिंतीचा पाया किती खोल आहे माहीत नाही. त्याच्या शेजारी खोदणे धोक्याचे नाही का?

काळीमाती
आहे. आधी एका जागी फूट-दोन फूट लांबीचा खड्डा घेऊन जुन्या पायाचा तळ बघा. नवी खोदाई त्या तळाच्या खाली जात असेल तर सलग चर मारायचा नाही. चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक. खोदा, भरा, आठवडा जाऊ द्या, मग मधला. आणि हे काम जूनच्या आत उरकलेले असले पाहिजे. उघड्या चरात पाणी साचले की काळ्या मातीतला पाया बसतोच.

चुनाभट्टी
भिंतीला लागलेल्या लोण्याचे बोलू. सिमेंटचा गिलावा हे दुखण्याचे कारण आहे, औषध नव्हे. जमिनीतली ओल वीट-चुन्याच्या भिंतीत चढते आणि पृष्ठभागातून उडून जाते. सिमेंटने पृष्ठभाग बंद केला की ती वर चढत राहते, बाहेर पडायची वाट शोधते. म्हणूनच सिमेंट साडेतीन फुटांपर्यंत आणि पोपडे त्याच्या वर चार-साडेचार फुटांवर, असेच दिसत असणार.

मात्र गिलावा काढण्याआधी घराभोवती फिरून या. रस्त्यावर डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला आहे का? मोरीचा पाइप भिंतीलगत गळतो का? चौकातल्या पाण्याचा उतार भिंतीकडे आहे का? यातले एकही कारण उरले तर पुढचे सगळे काम वाया.

मग असे करा:

सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत काढा. छिन्नी आडवी धरून, हातोडा हलका. ब्रेकर लावू नका, विटेचा चेहरा सोबत निघतो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. विटांमधले सांधे पाऊण-एक इंच खोल खरवडून ब्रशने झाडा. पाणी मारून धुऊ नका, मीठ पुन्हा आत जाते.

मग थांबा. ठोकताळा असा की भिंत महिन्याला इंचभर सुकते. १८ इंची भिंत म्हणजे दीड वर्ष. एवढे कोणी थांबत नाही, पण एक उन्हाळा तरी भिंत उघडी ठेवा. मिठासाठी कागदाचा लगदा ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून बोटभर जाड थापा, सुकला की काढून फेका, दोन-तीनदा. बॅटरीचे पाणी मिळते ते हेच, नळाचे वापरू नका. सुकलेला लगदा अंगणात टाकू नका, मीठ परत जमिनीत.

गिलावा १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांचा चुरा), २ भाग रेती. अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी नाही. पहिला थर आठवडाभर ओल्या तरटाखाली, मग दुसरा. वर ऑइल पेंट, अ‍ॅक्रिलिक, "वॉटरप्रूफ" काहीही नको. चुन्याची सफेदीच. तळाच्या दोन फुटांचा गिलावा पाच-सात वर्षांनी पुन्हा करावा लागेल, तो मीठ स्वतःवर घेतो आणि वीट वाचवतो.

ओळंबा
एक शंका. बाजारात पोत्यातला चुना मिळतो, तो वापरला तर?

चुनाभट्टी
ताजा असेल तर चालतो. जुन्या पोत्यातला चुना हवा खाऊन खडू झालेला असतो, त्यात पकड नाही. चिमूटभर बशीत घेऊन वर व्हिनेगर टाका. जोरात फसफसला तर पोते परत करा.

त्यापेक्षा कळीचा (भाजलेला, न विझवलेला) चुना आणून विझवा. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर नाही. पाणी उकळते, शिंतोडे उडतात. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी जवळ जायचे नाही. मग बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली ठेवा. पंधरा दिवस किमान, तीन महिने ठेवलात तर लोण्यासारखा होतो. सुरखीसाठी तुमच्याच घरातल्या जुन्या विटांचा चुरा करा, पण भाजून काळ्या पडलेल्या खंगर विटा वगळा, त्या चुन्याशी धरत नाहीत. मोरी-संडासाजवळच्या खारट विटाही नको.

गूळ, बेलफळ, उडीद, मेथी यांबद्दल लगेच विचारणा होईल म्हणून सांगतो: जुन्या कामांत होते हे खरे, पण माप न ठरवता घमेल्यात ओतले की कुठे कडक, कुठे भुसभुशीत. दोन फूट बाय दोन फूट नमुना करून महिनाभर बघा, मग ठरवा.

सुतारपक्षी
तुळयांकडे वळू. दोनच टोके नरम म्हणता, पण सगळी तपासा. लहान हातोडीने ठोका. चांगले सागवान टणक वाजते, कुजलेले भद्द. मग बारीक पेचकस टोचा, पाव इंचापेक्षा आत सहज गेला तर तिथे गाभा गेलेला. तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असते आणि भिंत ओली असते, म्हणून कुजते ते टोकच. मधला भाग बहुतेक वेळा खणखणीत निघतो. त्यामुळे आख्खी तुळई बदलायला सांगणाऱ्याला आधी चहा द्या आणि मग वाटेला लावा.

दुरुस्ती: तुळईखाली दोन बाजूंनी टेकू, खाली फळी टाकून, म्हणजे भार एका फरशीवर येणार नाही. जॅकने उचलायचे असेल तर दिवसाला २-३ मिमी, जास्त नाही, नाहीतर वरच्या मजल्याच्या गिलाव्याला तडे. कुजलेला भाग कापून चांगल्या लाकडापर्यंत जा. नवा तुकडा जुन्याच सागाचा, तिरपा सांधा तुळईच्या उंचीच्या तीन ते चार पट लांब, १२ मिमीचे चार बोल्ट. भिंतीत बसणाऱ्या टोकाखाली दगडी उशी आणि तिन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच हवा. त्या फटीत कोणी गिलावा कोंबला तर दहा वर्षांनी हेच काम पुन्हा.

किडीसाठी बोरॅक्स-बोरिक: १०० लिटर गरम पाण्यात ३.६ किलो बोरॅक्स, २.४ किलो बोरिक अ‍ॅसिड. ब्रशने तीन हात, मधे सुकू द्यायचे. माणसाला त्रास कमी, पण पाण्याने धुऊन जाते, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. वाळवी जमिनीतून येत असेल तर याने भागत नाही. जोत्यालगत वाळवीचे औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्क्यांचे, लिटरभर पाण्याला २.१ मिली. आणि परसूत विहीर आहे! विहिरीजवळच्या बाजूला हे औषध अजिबात ओतू नका.

ओळंबा
कडीपाटावर किती माती आहे ते कोणी विचारलेच नाही. पाटांवर सहा इंच माती-मुरूम आणि त्यावर शहाबादी, असे बहुधा असते. सहा इंच माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो. जवळजवळ स्लॅबइतकेच. तुळया वाकलेल्या दिसतात त्या यानेच.

माती काढा, पाट झाडा, १२ मिमी बांबू-चटईचा बोर्ड, त्यावर दीड इंच चुना-विटतुकडीचा कोबा, ७० किलोच्या आत बसतो. १८० किलो उतरले. काढताना दोन्ही बाजूंनी सारखे काढत जा, एक खण रिकामा आणि शेजारचा भरलेला असे दिवसभर ठेवू नका.

गच्चीवरून
सगळी माती काढलीत तर वरच्या पावलांचा आवाज खाली ढोलासारखा येईल, हेही सांगा ना. बोर्डाखाली कडीवर नारळाच्या काथ्याची १० मिमी पट्टी घाला, बराच फरक पडतो.

ओळंबा
मान्य, ताई. पट्टी हवीच.

सुतारपक्षी
आणि जवसाचे तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा. होळकरांच्या राजवाड्याचा बराचसा भाग १९८४ च्या आगीत गेला, जुन्या लाकडाला पेटायला वेळ लागत नाही. वायरिंग कडीपाटाच्या पोकळीतून उघडे नेऊ नका, धातूच्या नळीतून, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच).

मल्हारगंजकर
गर्डरांचे काय? आणि परसूतल्या खोलीच्या भिंती कशाच्या? पायाच्या खोदाईतून निघणाऱ्या मातीच्याच दाबलेल्या विटा करता आल्या तर सोन्याहून पिवळे.

काळीमाती
काळ्या मातीच्या विटा नाही होणार. फुगणारी माती विटेत गेली तरी फुगायची सोडत नाही, पहिल्या पावसाळ्यात कोपरे ढासळतात. खालचा मुरूम निघाला तर तो चालेल. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, हलवून २४ तास ठेवा. वरचा चिकणमातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर ७-८ टक्के सिमेंट घालून वीट होते, २१ दिवस ओली ठेवून. पण एका खोलीसाठी मशीन आणणे परवडत नाही, हे माझे मत. वाडा आहे, विटांचा कारखाना नव्हे.

ओळंबा
गर्डर: तारेच्या ब्रशने पापुद्रे काढून कॅलिपरने उरलेली जाडी मोजा. मधे आणि भिंतीत शिरतो तिथे, दोन्हीकडे. भिंतीतले टोक बहुधा जास्त खाल्लेले असते, तिथे एक वीट काढून बघावेच लागते. मूळ जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत घट असेल तर साफ करून झिंक फॉस्फेट प्रायमर आणि दोन हात रंग. त्याहून जास्त असेल तर इंजिनिअरकडून हिशोब करून खाली दुसरा चॅनेल बोल्टने. वेल्डिंग टाळा. जुने लोखंड आधी तपासल्याशिवाय वेल्ड धरेल की नाही सांगता येत नाही, आणि ठिणग्या कडीपाटाच्या घरात!

वरचा सिमेंटचा कोबा काढा, त्याचे वजनही जाते आणि त्याखाली अडकलेले पाणी, जे गर्डर खाते, तेही जाते.

भिंतीसाठी फ्लाय अ‍ॅश विटांचा रॅट-ट्रॅप बाँड. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी. वास्तुकार लॉरी बेकरांनी केरळात घरोघर नेला तो. विटा पाव हिश्श्याने कमी, मसाला त्याहून कमी, आणि पोकळीमुळे मेच्या उन्हात आतली बाजू तापत नाही. चुका ठरलेल्या आहेत: पहिला थर, खिडकीखालचा आणि लिंटलखालचा थर भरीव ठेवायचा, तो मिस्त्री विसरतो. पोकळीत मसाला पडतो, तो रोज काढायचा. विटा एका मापाच्या हव्यात. ट्रकमधून दहा विटा काढून रांगेत मांडा, ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ट्रक परत. कोपऱ्यांच्या पोकळीत उभी सळई आणि काँक्रीट, भूकंपासाठी. न्हाणीघराच्या भिंती मात्र भरीव ठेवा, त्यात पाइप पुरायचे असतात.

गच्चीवरून
ओळंबा, वरच्या खोल्यांना एएसी का? बनवताना वाफेच्या भट्टीत ऊर्जा खातात, आणि पडद्याचा पाइप ठोकला की खिळ्यासकट बाहेर. बांबूच्या चौकटीवर चुन्याचा गिलावा का नको?

ओळंबा
घाटात, कोकणात म्हणा, करतात. इथे वाळवी, आणि उपचार केलेला बांबू खात्रीने मिळायला हवा. वजनाच्या हिशोबात बांबू जिंकतो हे कबूल. पण गिलावा तडकला, पाऊस आत गेला, तर दुरुस्ती करणारा हात शहरात सापडला पाहिजे. एएसीच्या सांध्याला ३ मिमीचा पातळ चिकट मसाला, लोखंडी खांबाशी जोडताना १० मिमी फट आणि गिलाव्यात जाळी, एवढे पाळले की चालते. पडद्यासाठी खांबालाच पट्टी बोल्ट करा.

गच्चीवरून
माझे मत बदलले नाही, पण वाद नको. छत तरी कौलांचे करा. मंगळुरी कौले चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास, स्लॅबच्या सातव्या हिश्श्याइतकी. उतार २५ अंशांच्या आत नको, नाहीतर वाऱ्याच्या पावसात पाणी उलटे चढते. कौलांखाली दोन इंच हवेची पोकळी, मग बोर्ड. पोकळी खाली पन्हाळीशी आणि वर कण्याशी उघडी ठेवून जाळी लावायची, गरम हवा वरून निघून जाते. सपाट राहिलेल्या गच्चीवर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचा थर नाहीतर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात.

आणि चौक! चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकायचा मोह सगळ्यांना होतो. टाकलात तर घराचे धुराडे बंद. गरम हवा चौकातून वर जाते आणि खोल्यांतून हवा ओढली जाते, म्हणून तर वाडा थंड असतो. टाकायचाच तर भिंतीपेक्षा तीन फूट वर उचलून, चारी बाजू उघड्या, फक्त जाळी.

मल्हारगंजकर
पत्र्याचा बेत होता, खरे सांगतो. रद्द.

विहिरीचे विचारतो. पावसाचे पाणी तिच्यात सोडता येईल?

काळीमाती
येईल, आणि सोडाच. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९५० मिमी. १०० चौरस मीटर छतावरून ७५ हजार लिटरच्या वर हाती लागते, गळती-वाफ वजा जाता. नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये शहरात आले आणि विहिरी झाकणाखाली गेल्या, पण त्या कोरड्याच असतील असे नाही. आधी गाळ उपसा. पहिल्या पावसाचे पाणी वेगळे सोडा (पाइपला फाटा आणि झडप). मग गिट्टी, रेती, कोळसा, पुन्हा रेती अशी गाळणी.

शोषखड्डा मात्र जोत्याजवळ काढू नका. काळ्या मातीत पाणी सोडले की पायाखाली फुगवटा. विहीर असल्यामुळे तुम्हाला शोषखड्डा लागतच नाही. उलट घराभोवती तीन फूट रुंदीची फरसबंदी करा, उतार बाहेरच्या दिशेने. निघालेल्या सिमेंट-मलब्यासाठी महापालिकेचा देवगुराडियाला प्रकल्प आहे, लाकूड, वीट, मलबा यांचे ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. वीट आणि मलबा मिसळले की वीट गेली.

पोहेजिरावन
बोळात तीन ढीग ठेवायला जागा? शेजारच्या आजी काय म्हणतील ते आधी ठरवा.

काळीमाती
म्हणून चौक. लाकूड चौकात, विटा परसूत, मलबा रोज संध्याकाळी बाहेर.

सुतारपक्षी
लाकूड चौकात पण जमिनीवर नाही. विटांच्या दोन ओळींवर, प्रत्येक थरात पट्ट्या घालून, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले साग घाम धरते आणि बुरशी येते. आणि करवतीखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत हाताने घडवलेले खिळे निघतात, पाते जाते.

मल्हारगंजकर
काम कधी सुरू करावे? आता ऑगस्ट आहे. गिलावा उन्हाळ्यात केला तर लवकर सुकेल ना?

चुनाभट्टी
लवकर सुकणे हाच दोष आहे. चुना हवेतला वायू घेऊन दगड होतो आणि त्याला ओलावा लागतो. एप्रिल-मेच्या चाळीस अंशात वरची साय सुकते, आत पीठ राहते, बोटाने खरवडले की भुगा. गिलावा ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

तेव्हा आता चुना विझवून ठेवा. ऑक्टोबरपासून सिमेंट काढणे, तुळया, पाया. येता उन्हाळा भिंत उघडी. पुढच्या ऑक्टोबरला गिलावा. वरची लोखंडी चौकट आणि कौले मात्र मधल्या मेपर्यंत पूर्ण, म्हणजे पावसात जुने छत झाकलेले राहील.

मल्हारगंजकर
चुना प्लास्टिकच्या २०० लिटरच्या पिंपात विझवला तर चालेल? लोखंडी पिंप मिळेना.

चुनाभट्टी
विझवायला नाही, पिंप मऊ पडून वाकेल. परसूत विटांचे कच्चे हौद करा, तीन फूट बाय तीन, फूटभर खोल, त्यात विझवा. दुसऱ्या दिवशी थंड झाला की गाळून प्लास्टिकच्या पिंपात भरा. वर चार बोटे पाणी कायम हवे आणि झाकणावर दगड ठेवा. मांजर पडते.